परड्यातल्या तळ्याचा पावसाळी जमाखर्च

जुलै लागला की कोल्हापुरात एक आकडा लहानथोरांच्या तोंडी असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पानपट्टीपासून तालमीपर्यंत सगळीकडे तीच विचारपूस. त्याच आठवड्यांत घरामागच्या परड्यात, गोल्डफिश किंवा कोई (रंगीत कार्प मासे) सोडलेल्या तळ्यात, दुसरा एक आकडा गुपचूप खाली येत असतो. त्याची चौकशी कुणी करत नाही. ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी मासे तरंगताना दिसतात आणि ‘पावसाचं पाणी बाधलं’ एवढ्यावर विषय मिटतो. पाऊस बाधला हे खोटं नाही. पण कसा बाधला, याचं उत्तर त्या न पाहिलेल्या आकड्यात असतं. मासे पाळणारे त्याला केएच म्हणतात.

केएच म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं माप. पाणी तपासायच्या किटवर ते कधी जर्मन अंशांत येतं, कधी पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं ते. एक अंश म्हणजे साधारण १८ पीपीएम. तळ्यात रोज आम्ल तयार होत असतं. मासे श्वास सोडतात, खाली पडलेली पानं कुजतात, फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवतात, आणि या प्रत्येकात आम्ल निघतं. ते गिळून टाकण्याचं काम हे बायकार्बोनेट करतं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, जागेवर दिसतो तो त्याच्या जिवावर. तेव्हा केएच ही शिल्लक, आणि रोजचं आम्ल हा खर्च. गोल्डफिश आणि कोईंच्या तळ्यात ही शिल्लक १०० ते १५० पीपीएम असावी. ५०च्या खाली गेली की सावध व्हावं. २०च्या आसपास पोचली तर त्या तळ्याचा काही भरवसा नाही.

मग सगळे पीएचच का मोजतात? कारण ते सोपं असतं. पेनासारखं मीटर बुडवलं की आकडा मिळतो. पण हा आकडा दोन बाजूंनी फसवतो. पहिली गोष्ट, तो दिवसभर हलत असतो. रात्री शेवाळ, वनस्पती, मासे सगळेच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे पहाटे पीएच सर्वांत कमी असतो. दिवसा शेवाळ तो वायू ओढून घेतं, म्हणून दुपारी तीन-चारला पीएच सर्वांत वर. हिरव्यागार पाण्याच्या तळ्यात पहाटे ७.२ आणि दुपारी ८.८ हे आकडे एकाच दिवसाचे असू शकतात, आणि दोन्ही खरेच असतात. दुसरी गोष्ट जास्त घातकी. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीची आहे, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहून केएच १२०वरून ४०वर आला, म्हणजे शिल्लक एक तृतीयांश उरली, तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने उतरतो. ७.७चा ७.२ झाला, तर रंगाच्या पट्टीवर पाहून कोण घाबरेल? सकाळ-दुपारचा फरकच त्याहून मोठा. शिल्लक संपेपर्यंत पीएच काही बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा एका रात्रीत ७ वरून साडेपाचवर येतो.

आता पावसाचा हिशेब मांडून पाहू. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल असं तळं घेऊ. घनफूट शंभर, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे कागदावर २८३० लिटर. काठापासून चार बोटं रिकामी, कडेचा उतार, आत दगड-कुंड्या हे वजा केलं की हातात उरतात २५०० लिटर. (नवं तळं भरताना २० लिटरची बादली नळाखाली किती सेकंदात भरते ते पाहून घ्यावं, तळं भरायला लागलेल्या सेकंदांना त्याने भागावं आणि २०ने गुणावं. यापुढची प्रत्येक मात्रा या एका आकड्यावर बेतलेली असते, आणि बहुतेकांचा तोच अंदाजपंचे असतो.) तळ्याचा पृष्ठभाग ४० चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. कोल्हापूर शहरात जून ते सप्टेंबर ८०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरलं, तर तळ्यात आभाळातून सुमारे ३००० लिटर पाणी पडतं. तळ्याच्या स्वतःच्या पाण्याहून जास्त! तेवढंच पाणी काठावरून किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपातून बाहेर जातं आणि जाताना विरघळलेलं बायकार्बोनेट घेऊन जातं. पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य. पाणी चांगलं मिसळत राहिलं तर १ जूनला १२० असलेला केएच निव्वळ पावसाने सप्टेंबरअखेर ३६ वर येतो. गगनबावड्याकडच्या पावसात हे तळं ठेवलं तर हिशेब मांडायचीही गरज नाही.

हे झालं फक्त तळ्यावर थेट पडणाऱ्या पावसाचं. घराच्या पागोळ्या किंवा गच्चीचा पाइप तळ्यात सोडला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटरचा एकच दिवस पडला तरी ४६०० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे एका दिवसात अख्खं तळं धुऊन निघतं, वर गच्चीवरची पाखरांची विष्ठा आणि नव्या वॉटरप्रूफिंगचा चुना आलाच. ‘पावसाचं शुद्ध पाणी’ म्हणून पाइप मुद्दाम तळ्याकडे वळवणारे लोक आहेत. तो पाइप आधी दुसरीकडे वळवावा, किट नंतर आणलं तरी चालेल.

पाऊस नसला तरी खर्च थांबत नाही. माशांच्या खाद्यातून साधारण तीन टक्के वजनाएवढा अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. रोज २० ग्रॅम दाणे टाकले तर ०.६ ग्रॅम. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि एका ग्रॅमला ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका केएच वापरला जातो. रोजचे ४.३ ग्रॅम, २५०० लिटरमध्ये रोज १.७ पीपीएम, महिन्याला ५०. कमळ, जलपर्णी, वाळा असं काही लावलेलं असेल तर त्या वनस्पती थोडा अमोनिया परस्पर उचलतात आणि खर्च कमी होतो. पण झाडं नसलेल्या, नुसत्या पंप-फिल्टरवर चालणाऱ्या आणि माशांनी भरलेल्या तळ्यात महिन्याला ५० हा अंदाज फार चुकत नाही. फिल्टर जितका चांगला, तितका केएच वेगाने संपतो, हे नव्या माणसाला पटवून देणं अवघड जातं.

भरपाईचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. मात्रा लक्षात ठेवायला सोपी: १००० लिटरला ३० ग्रॅम टाकले की केएच एक अंश, म्हणजे १८ पीपीएम वाढतो. आपल्या २५०० लिटरच्या तळ्यात ५०चा केएच १२० करायचा तर साधारण ३०० ग्रॅम सोडा लागेल. तो एकदम टाकायचा नाही. चार दिवस रोज ७५ ग्रॅम. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात सोडा पूर्ण विरघळवायचा आणि पंपाचं पाणी जिथे पडतं तिथे थोडा थोडा ओतायचा, तासाभरात बादली संपेल अशा बेताने. पुढे आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास लागतो; पावसाच्या आठवड्यात जास्त, थंडीत मासे कमी खातात तेव्हा कमी. सोड्याने पीएच ८.३च्या फार वर जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. हात जरा सैल पडला तरी मासे मरत नाहीत.

पण दुकानात सोडा मागताना नीट मागावा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दिसायला सारखाच, पण त्याच्या द्रावणाचा पीएच ११च्या घरात असतो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं, त्याचा इथे उपयोग नाही. पापडखारही नको. आणि चुना तर नकोच. मत्स्यशेतीच्या माहितीपत्रकात ‘तळ्यात चुना टाकावा’ असं छापलेलं असतं, ते वाचून लोक पानाचा किंवा गुऱ्हाळात रसाला लावतात तो चुना चिमटीने टाकतात. माहितीपत्रकातला चुना एक तर मासे सोडण्याआधी कोरड्या तळ्यात टाकायचा असतो, किंवा ती चुनखडीची पूड असते. विरलेला चुना मासे असलेल्या दोन-अडीच हजार लिटरांत पडला की पीएच बघता बघता १०च्या पार जातो.

सोड्याच्या जोडीला शिंपल्यांचा चुरा फार उपयोगी. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो. १००० लिटरला एक किलो या हिशेबाने नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरून, नीट धुऊन, फिल्टरमध्ये वाहत्या पाण्यात ठेवायचा. पाणी आम्लाकडे झुकलं की तो विरघळतो, झुकलं नाही तर पडून राहतो. त्याचा वेग मंद असतो, त्यामुळे जुलैच्या धो धो पावसात तो एकटा पुरा पडत नाही. पण आपण आठ दिवस गावाला गेलो तर तो मागे काम करत राहतो. वर्षभरात त्याच्यावर बुळबुळीत थर चढतो. पिशवी काढून तळ्याच्याच पाण्यात खळखळून धुवावी.

या सगळ्यात आपल्या दगडांचाही हात असतो. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याला बायकार्बोनेट देत नाही म्हटलं तरी चालेल. तो हजारो वर्षांच्या हिशेबाने झिजतो. पन्हाळा-जोतिबाकडचा जांभा लोह-ॲल्युमिनियमचा, त्यातही कार्बोनेट नाही. तो फॉस्फेट थोडाफार धरून ठेवतो, त्यामुळे शेवाळाच्या बाजूने बरा, पण केएचच्या बाजूने शून्य. शहाबादी फरशी मात्र चुनखडकच आहे. तळ्याच्या तळाला किंवा काठाला शहाबादी असेल तर पाणी आम्ल होऊ लागताच ती हळूहळू विरघळते आणि पाणी सावरते. संगमरवराचे तुकडेही तेच करतात. आणलेला खडा कोणता हे ओळखायला नखाने किंवा सळीने ओरखडा काढून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसला तर कार्बोनेट आहे. लिंबाचा रसही चालतो, फक्त फसफस नीट निरखून बघावी लागते.

नव्या सिमेंटच्या हौदाची तऱ्हा उलटी. त्यातून चुना सुटत राहतो आणि पीएच १० ते १२ दाखवतो. हौद काठोकाठ भरावा, तीन-चार दिवस ठेवावा, रिकामा करावा, काथ्याच्या ब्रशने घासावा, पुन्हा भरावा. असं तीन आठवडे तरी. आपल्याकडे केळीचे खुंट चिरून किंवा शेणकाला करून हौदात कुजवतात, त्यामागचं कारण खरं आहे: कुजताना निघणारं आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सुटलेला चुना मारतात. फक्त नंतर तो सगळा गाळ धुऊन काढायला हवा, नाहीतर मासे सोडताच अमोनिया तयार. शेवटचं पाणी दोन दिवस ठेवून पीएच साडेआठच्या खाली राहिला तरच मासे सोडावेत.

आता मोजायचं कसं. बाजारात तीन गोष्टी मिळतात. टीडीएसचा पेन आरओवाल्यांनी घराघरात पोचवला आहे, पण तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून क्षारांचा एक ढोबळ आकडा देतो. २५० टीडीएस चांगल्या बायकार्बोनेटचा असू शकतो, नुसत्या मिठाचाही असू शकतो. तळ्यात अमोनिया वाढून मासे मरत असतील तरी तो शांतपणे कालचाच आकडा दाखवेल. कागदी पट्ट्या झटपट असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत डबी दोनदा उघडली की त्यांचे रंग बिघडू लागतात. थेंबांचं किट घ्यावं. केएचच्या किटमध्ये ५ मिलि पाण्यात थेंब मोजत जायचं. निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं, एक थेंब म्हणजे एक अंश. पावसाळ्यात आकडा दोन-तीन अंशांवर आला असेल तर १० मिलि पाणी घ्यावं, म्हणजे एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि माप बारीक मिळतं.

पाणी घेताना वरचा थर नको. कोपरापर्यंत हात घालून, फिल्टरच्या तोंडापासून दूर, बाटली पाण्यातच उघडून भरावी. काचेची नळी आधी त्याच पाण्याने दोनदा खळबळावी. बाटली उभी उलटी धरून थेंब पाडावेत. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर. पिवळ्या बल्बखाली अमोनियाचा पिवळा आणि फिकट हिरवा सारखेच दिसतात. नायट्रेटच्या किटमधल्या एका बाटलीत भुकटी तळाशी बसते, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर नायट्रेट कायम शून्य. ‘माझ्या तळ्यात नायट्रेटच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बाटली हलवलेली नसते, अशी दाट शंका आहे. पीएचचा पेन वापरायचाच असेल तर त्याच्याबरोबर येणाऱ्या ६.८६ आणि ९.१८ या ठरलेल्या पीएचच्या बफर पुड्या पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा तो जुळवून घ्यावा. बॅटरीत घालायचं पाणी यासाठी चालतं. मात्र पेनाचं टोक त्या पाण्यात बुडवून ठेवू नये, ते खराब होतं. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ठेवावं.

केएच घसरत जाऊन संपला की पुढे काय घडतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण मासे बहुतेक वेळा केएच संपल्याने मरत नाहीत, त्यावर केलेल्या उपायाने मरतात. पीएच सहाच्या खाली गेला की नायट्रेट करणारे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. अमोनिया साचू लागतो. पण आम्ल पाण्यात तो अमोनियम या रूपात असतो, आणि ते माशांना फारसं बाधत नाही. मासे जरा मलूल दिसतात, खाणं कमी करतात, एवढंच. मालक म्हणतो, पाणी खराब झालंय. रविवारी अर्धं तळं उपसतो आणि बोअरचं किंवा नळाचं ताजं पाणी भरतो. त्या पाण्याचा पीएच ८. आता टक्केवारी बघा: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला फक्त ०.६ टक्के विषारी रूपात असतो, ८ला ५ टक्क्यांहून जास्त, ९ला ३६ टक्के. विषारी अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आत हवा. साचलेला एकूण अमोनिया ४ मिलिग्रॅम असेल, अर्धं पाणी बदलून तो २ झाला, तरी ८ पीएचला विषारी भाग ०.१ मिलिग्रॅम. संध्याकाळपर्यंत मासे आडवे. आणि दोष जातो नव्या पाण्याला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पीएच साडेसहाच्या खाली दिसला तर सोड्याच्या डब्याला हात लावण्याआधी अमोनिया मोजावा. अमोनिया असेल तर खाणं पूर्ण बंद. निरोगी गोल्डफिश आणि कोई आठवडाभर उपाशी सहज राहतात. दिवसाला दहा टक्केच पाणी बदलावं, आणि अमोनिया एक मिलिग्रॅमच्या खाली आल्यावरच सोड्याचे हप्ते सुरू करावेत. तेही अर्ध्या मात्रेने: १००० लिटरला १५ ग्रॅम. पीएच दिवसाला ०.२-०.३पेक्षा जास्त चढू देऊ नये. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. जिवाणू पुन्हा कामाला लागायला दोन-तीन आठवडे जातात, आणि मधल्या काळात अमोनियाच्या पाठोपाठ नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला टप्पा) वर येतं.

नायट्राइटला मीठ हा उतारा आहे, आणि तो घरगुती समज नव्हे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. कल्ले तांबडे दिसायच्या ऐवजी चॉकलेटी दिसतात. मिठातलं क्लोराइड त्याच दारातून आत जातं आणि नायट्राइटला वाट अडवतं. नायट्राइट एक-दोन मिलिग्रॅम असेल तर १००० लिटरला २५० ते ५०० ग्रॅम खडे मीठ पुरतं. एवढ्याने कमळाला काही होत नाही. पण मीठ उडून जात नाही, हे विसरू नये. पाणी आटलं म्हणून नवं पाणी घातलं तर मीठ पुन्हा घालायचं नसतं; जेवढं पाणी बाहेर काढलं तेवढ्याच पाण्याचं घालायचं.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर कारण कोणतं हे वेळेवरून बरंच कळतं. पहाटे सगळेच, त्यातही मोठे मासे आधी वर येत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील तर ऑक्सिजन कमी. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मावतो, आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने इथे त्याहूनही थोडा कमी, सातच्या आसपास. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीनंतर हे हमखास होतं: गार सर पडते, वरचं पाणी खाली जातं, तळाचा काळा गाळ ढवळला जातो आणि उरलासुरला ऑक्सिजन तो गाळ खातो. दिवसभर, उन्हातही तोंड वासत असतील तर नायट्राइट बघा. नळाचं पाणी सोडल्यानंतर तासाभरात सुरू झालं असेल तर क्लोरीन.

क्लोरीनबद्दल थोडक्यात. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन अपेक्षित असतं. तेवढंही माशांच्या कल्ल्यांना जड जातं. पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस उघडं ठेवून हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) सोडला की ते उडतं. तेवढी सवड नसेल तर सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओंच्या डार्करूममधला हायपो. एक भाग क्लोरीनला सात भाग हायपो. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन धरून ३०० लिटर पाण्याला एक ग्रॅम. पुरानंतर नळाच्या पाण्याला वास येतो तेव्हा दुप्पट. ते आधी तळ्यात विरघळवून मगच नळ सोडावा. पाणी गढूळ आलं म्हणून तळ्यात तुरटी फिरवू नये; तुरटी बसताना केएच खाते, आणि पावसाळ्यात आधीच तो उरलेला नसतो. गल्लीत डासांचं औषध टाकायला आरोग्य विभागाची माणसं आली तर तळ्यात मासे आहेत आणि तेच अळ्या खातात, एवढं सांगून ठेवावं.

पीएच जास्त आहे म्हणून आम्ल टाकणं, हा नाद मात्र सोडावा. दुपारचा ९ हा शेवाळाचा आहे. व्हिनेगर ओतलं तर केएच जळतो, रात्री पीएच आणखी खाली जातो, उद्या दुपारी शेवाळ पुन्हा ९ करून दाखवतं. सावलीची जाळी, पाण्याचा अर्धा पृष्ठभाग झाकतील एवढी कमळाची पानं आणि निम्मं खाद्य हाच त्यावरचा इलाज.

हे सगळं पावसाळ्याचं. उन्हाळ्यात तळं उलट्या दिशेने जातं, आणि पावसाळ्यातला सोडा मार्चनंतरही डोळे मिटून टाकत राहणारे इथे फसतात. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर आपल्या तळ्यातून रोज २२ लिटर, दोन महिन्यांत १३०० लिटरच्या वर. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. भर घालायची ती बहुतेक वेळा बोअरच्या पाण्याने. आपल्या काळ्या पाषाणातलं भूजल कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटचं असतं. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यात तर मीठही आणि नायट्रेटही. बोअरचा केएच ३०० असेल तर दोन महिन्यांत तळ्यात १६० पीपीएमची भर पडते. ती सगळी दिसत नाही, कारण दुपारच्या चढ्या पीएचला त्यातला काही भाग चुन्याचा पांढरा थर होऊन दगडांवर आणि पंपाच्या पात्यांवर बसतो. म्हणून उन्हाळ्यात सोडा बंद, शिंपल्यांची पिशवी बाहेर, आणि नुसती भर घालण्याऐवजी आठवड्याला दहा टक्के पाणी आधी काढून मग भर. धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर उन्हाळ्यात ते वापरावं. सह्याद्रीवरून उतरणारं ते पाणी बोअरपेक्षा हलकं असतं. बोअरचं जड पाणी राखून ठेवावं ते जुलैसाठी. त्या दिवसांत आठवड्याला दोन-अडीचशे लिटर बोअरचं पाणी, रात्रभर हवा देऊन तळ्यात सोडलं, तर सोड्याची निम्मी गरज तेच भागवतं. हवा देणं यासाठी की जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला आणि ऑक्सिजन नसलेलाच असतो. उपसताक्षणी त्याचा पीएच ७ दिसतो, दुसऱ्या दिवशी तेच पाणी ८च्या वर जातं. बोअरची चाचणी नेहमी या दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची करावी.

मोजण्याचा क्रम ठरवायचा तर पावसाळ्यात केएच आठवड्यातून दोनदा, एरवी पंधरा दिवसांनी. पीएच पहाटे आणि दुपारी चारला, त्याच दिवशी. अमोनिया-नायट्राइट आठवड्याला एकदा, आणि मासे नवे आणले, फिल्टर धुतला किंवा वीज बराच वेळ गेली तर लगेच. परड्यात सरळ भिंतींचा एखादा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजावा आणि वहीत केएचच्या शेजारी लिहावा. १०० मिलिमीटरची बेरीज झाली की त्या दिवशी केएच तपासायचाच, वार कोणताही असो. आपल्या मापाच्या तळ्यात तेवढ्या पावसाने केएच साधारण चौदा टक्क्यांनी उतरतो. किटच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहावी. केएचचं औषध टिकतं, अमोनियाचं मात्र वर्षाभरातच फिकट वाचू लागतं. ते संपवण्यासाठी वापरत बसू नये, टाकून द्यावं. अमोनियाचं औषध नेसलर नावाच्या पद्धतीचं असेल तर त्यात पारा असतो, म्हणून तपासलेलं पाणी तळ्यात किंवा झाडाला न घालता वेगळ्या बाटलीत साठवावं.